धोत्रा फळावरून ओळखा: काटेरी बोंडाच्या रानझाडाचं शास्त्रीय वर्णन लिहिण्याची रीत

गोव्यात धोत्र्याचे दोन प्रकार सांगितले जातात, काळा आणि पांढरा. जांभळ्या देठाचा आणि जांभळट फुलाचा तो काळा, हिरव्या देठाचा आणि पांढऱ्या फुलाचा तो पांढरा. पूजेपुरती ही वाटणी पुरते. वनस्पतिशास्त्रात मात्र तिला फारसा अर्थ नाही, कारण हे दोन्ही बहुतेक वेळा एकाच जातीचे, म्हणजे दतुरा मेटेलचे, असतात. उलट दोन झाडांची फुलं सारखीच पांढरी असतील आणि तरी त्यांच्या जाती वेगळ्या निघतील. धोत्र्याची जात ठरते ती फळावरून. बोंड वर उभं आहे की खाली झुकलंय, त्यावरचे काटे कसे आहेत आणि ते फुटतं कसं, या तीन प्रश्नांची उत्तरं ज्या वर्णनात नाहीत ते वर्णन अपुरं समजावं, मग फुलाबद्दल त्यात पानभर का लिहिलेलं असेना.

शाळा-महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी, गावच्या वनस्पतींच्या नोंदवहीसाठी किंवा स्वतःच्या अभ्यासासाठी धोत्र्याचं वर्णन लिहायचं असेल, तर पुढची रीत वापरा.

आधी हात

धोत्रा मुळापासून बीपर्यंत विषारी आहे. त्यात हायोसायमीन, स्कोपोलामीन आणि अ‍ॅट्रोपीन ही द्रव्यं असतात. पान खुडताना बोटाला रस लागला आणि तेच बोट डोळ्याला लागलं, तर त्या डोळ्याची बाहुली मोठी होते, उजेड सहन होत नाही आणि जवळचं अंधुक दिसू लागतं. एकाच डोळ्याची बाहुली मोठी झालेली पाहून घरची माणसं घाबरतात, म्हणून कारण आधीच माहीत असलेलं बरं. रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे घाला. काम संपेपर्यंत चेहऱ्याला हात लावू नका, काही खाऊ नका आणि शेवटी साबणाने हात धुवा. कापायला वापरलेलं ब्लेड आणि सुरी स्वयंपाकघरात परत नेऊ नका. कुठलाही भाग चाखून पाहायचा नाही. जुन्या वर्णनांत बी ‘चवीला कडू’ असं लिहिलेलं असतं. ते तसंच राहू द्या, स्वतः खात्री करायला जाऊ नका.

कुणाच्या पोटात गेलाच तर लक्षणं साधारण अशी दिसतात: तोंडाला कोरड, चेहरा लाल, अंग तापलेलं, नाडी जलद, दोन्ही बाहुल्या मोठ्या, लघवी अडकलेली, आणि मग असंबद्ध बडबड, हवेतलं काहीतरी पकडायचा प्रयत्न. ओकारी काढायचा प्रयत्न करू नका. १०८ला फोन करा किंवा माणसाला थेट रुग्णालयात न्या. झाडाचा तुकडा पिशवीत घालून सोबत घ्या आणि किती वाजता खाल्लं ते सांगा. डॉक्टरांना या दोन गोष्टींचा फार उपयोग होतो.

हा धोका गोव्याला नवा नाही. १५३४पासून गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. चोर लोक धोत्रा अन्नात मिसळतात आणि तो खाणारा हसत बसतो, अंगावरचे दागिने कुणी काढले तरी त्याला भान नसतं, असं त्यात नोंदवलेलं आहे.

कुठे आणि केव्हा शोधावा

घनदाट रानात धोत्रा शोधून उपयोग नाही. त्याला उघडी, उकरलेली आणि नत्राने भरलेली जमीन लागते. गोठ्याची मागची बाजू, शेणाचा उकिरडा, पडक्या घराचं जोतं, रस्त्याकडेची टाकलेली माती, बांधकामाचं रिकामं आवार, देवळाजवळची पडीक जागा, अशा ठिकाणी तो हमखास सापडतो. नुसत्या जांभ्या दगडाच्या सड्यावर दिसणार नाही, पण त्याच सड्यावर कचऱ्याचा ढीग पडला तर पुढच्या पावसाळ्यात तिथे उगवलेला दिसेल. डिचोली, सत्तरी, फोंडा, पेडणे, कुठल्याही तालुक्यात गावाच्या कडेकडेने फिरलं तरी पुरे.

जूनच्या पहिल्या सरींनंतर बी रुजतं. ऑगस्टपासून फुलं लागतात. सप्टेंबरनंतर झाडावर कळी, फूल, कोवळं बोंड आणि जून बोंड असं सगळं एकाच वेळी मिळतं. वर्णन लिहायला ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे सगळ्यात सोयीचे महिने, कारण पाऊस ओसरलेला असतो आणि नमुना वाळायलाही सोपं जातं. महाशिवरात्रीपर्यंत बहुतेक झाडं सुकून नुसती बोंडं उरतात. सांडपाणी मिळत राहिलं तर दतुरा मेटेल वर्ष ओलांडूनही जगतो आणि बुंधा लाकडासारखा कठीण होतो. म्हणून ‘वर्षायू’ (एका वर्षात आयुष्य संपवणारं) लिहिण्याआधी बुंधा पाहा. कठीण असेल तर ‘वर्षायू, क्वचित अल्पकाळ बहुवर्षायू’ असं लिहा.

वेळ पहाटेची घ्या. फूल संध्याकाळी उमलतं, रात्री त्याचा वास पसरतो आणि लांब सोंडेचे पतंग त्यावर येतात. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की ते मलूल होतं. सकाळी आठनंतर मोजलेल्या फुलाचा व्यास दरवेळी कमीच भरतो, कारण कड आत वळायला लागलेली असते.

रस्त्याकडेच्या झाडाला कुणी हरकत घेत नाही. मात्र म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर किंवा बोंडला अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय एक पानही तोडू नये.

काटे आहेत म्हणून धोत्रा नव्हे

फळाला काटे असलेली रोपटी गोव्यात बरीच आहेत. घोळ सगळ्यात जास्त होतो तो पिवळ्या धोत्र्याशी. नावात धोत्रा असला तरी तो अफूच्या कुळातला आहे, शास्त्रीय नाव आर्जिमोन मेक्सिकाना. त्याच्या पानांनाच काटे असतात, शिरा पांढरट असतात, देठ मोडला की पिवळा चीक येतो आणि फूल पिवळंधमक असतं. बी काळं, गोल, मोहरीसारखं. हे बी मोहरीच्या तेलात गेलं की अंगावर सूज येऊन माणसं दगावतात. १९९८ साली दिल्लीत अशी मोठी साथ आली होती. धोत्र्याच्या पानाला काटा कधीच नसतो आणि त्याला चीकही नसतो, एवढं लक्षात ठेवलं तरी दोघं वेगळे करता येतात.

शंकेश्वराचं फळ लहान असतं, जेमतेम दोन सेंटिमीटरचं. त्याच्या काट्यांची टोकं आकड्यासारखी वळलेली असल्यामुळे ते कपड्यांना आणि गुरांच्या अंगाला चिकटतं. धोत्र्याचं बोंड चिकटत नाही. एरंडाचं फळ तीन खणांचं, काटे मऊ आणि पान हाताच्या पंजासारखं फाटलेलं. फागलांही (कंटोलीही) काटेरीच, पण ती वेलीवर लागतात आणि काटे मऊ असतात. पावसाळ्यात बाजारातून फागलां आणणाऱ्या घरातल्या लहान मुलाला धोत्र्याचं हिरवं बोंड ओळखीचं वाटू शकतं, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून त्याला एकदा फरक दाखवावा.

बागेत लावलेलं, माणसाच्या उंचीहून वर जाणारं आणि लांब भोंग्यासारखी फुलं खाली लोंबणारं झाड दिसलं, तर ते ब्रुगमॅन्शिया. नातं जवळचं आणि विषही तसंच. पण ते लाकडी झुडूप आहे आणि त्याच्या फळाला काटे नसतात. धोत्र्याचं फूल वर तोंड करून किंवा तिरकं उभं असतं.

बोंड हातात घ्या

जून झालेलं, पण अजून न फुटलेलं बोंड निवडा. कोवळ्या बोंडावरून निर्णय घेऊ नका. दतुरा मेटेलचा फुलाचा देठ सुरुवातीला उभाच असतो, फळ वाढू लागल्यावर तो हळूहळू वाकतो. सुपारीएवढं कोवळं बोंड पाहून ‘फळ उभे’ असं लिहिलं की जात चुकलीच. नवख्या माणसाच्या वर्णनात ही चूक वारंवार सापडते.

आधी बोंडाचं बूड पाहा. फूल गळताना त्याच्या तळाचा हिरवा निदलपुंज आडवा तुटतो आणि खालचा भाग फळाबरोबर वाढत राहतो. तो बोंडाखाली बशीसारखा किंवा उलट्या वळलेल्या कॉलरसारखा दिसतो. ही कॉलर धोत्र्याची खूण, ती नोंदवायला विसरू नका आणि तिची रुंदीही मोजा.

आता काटे. दतुरा मेटेलचे काटे आखूड, जाड आणि बोथट असतात. काही बोंडांवर तर नुसते टेंगूळच. बोंड जवळजवळ गोल, तीन सेंटिमीटरच्या आसपास, तिरकं किंवा खाली झुकलेलं असतं आणि पिकल्यावर वेडंवाकडं फुटतं. दतुरा इनॉक्सियाचं बोंड तीन ते चार सेंटिमीटरचं, स्पष्टपणे खाली लोंबणारं आणि त्यावर बारीक, लांब, दाट काटे, एक सेंटिमीटरपर्यंतचे. काट्यांमधल्या जागेत राखाडी लव असते. फुटणं तेही वेडंवाकडंच. दतुरा स्ट्रॅमोनियमचं बोंड अंड्याच्या आकाराचं आणि शेवटपर्यंत ताठ उभं राहतं. काटे कडक व अणकुचीदार असतात आणि पिकल्यावर त्याच्या वरून खाली चार सरळ फाका होतात. याच जातीचा बिनकाट्यांचा प्रकारही आहे, म्हणून गुळगुळीत बोंड उभं दिसलं आणि चार फाकांत फुटलं तर गोंधळून जाऊ नका.

गोव्यात सहज सापडेल तो मेटेल. अंगाला हात लावल्यावर मऊ, लवदार लागलेलं झाड इनॉक्सियाकडे बोट दाखवतं. स्ट्रॅमोनियम लिहायची वेळ आली तर तीन वेळा तपासा, आणि चार फाकांत फुटलेलं बोंड हातात असल्याशिवाय ते नाव लिहू नका.

फळाची खात्री झाली की फूल साक्षीला घ्या. मेटेलचं फूल १४ ते २० सेंटिमीटर लांब, कडेला पाच टोकं. लागवडीतल्या प्रकारांत फुलात फूल, त्यातही फूल अशी दुहेरी-तिहेरी रचना दिसते आणि टोकांची संख्या वाढते. तशा फुलावरून टोकं मोजू नका. इनॉक्सियाचं फूल लांबीला जवळपास तेवढंच, पण पाच मोठ्या टोकांच्या मधोमध पाच बारीक कोपरे असल्याने कड दहा कोनांची दिसते. स्ट्रॅमोनियमचं फूल बरंच लहान, सहा ते दहा सेंटिमीटर, आणि त्याच्या निदलपुंजाला पाच ठळक धारा असतात. मेटेलचा निदलपुंज नळीसारखा असतो, बोट फिरवलं तर अशा धारा लागत नाहीत.

मोजमाप आणि लिहिण्याचा क्रम

सोबत तीस सेंटिमीटरची पट्टी, दहापट भिंग, नवं ब्लेड, दोरा, पेन्सिल आणि वही हवी. शाईचं पेन नको, ओल्या हाताने शाई फिसकटते. दोरा वळणदार देठ मोजायला लागतो.

वर्णन खालून वर जातं: झाडाची ठेवण, खोड, पान, फूल, फळ, बी. हा क्रम मोडू नका, कारण वाचणारा माहिती त्याच क्रमाने शोधतो. मराठीत संज्ञांचे दोन संच चालतात. पाठ्यपुस्तकांत निदलपुंज (फुलाचा बाहेरचा हिरवा भाग), दलपुंज (पाकळ्या), पुमंग (पुंकेसर), जायांग (स्त्रीकेसर); त्याच क्रमाने कोशांत संवर्त, पुष्पमुकुट, केसरमंडल, किंजमंडल. कुठलाही घ्या, पण एकाच वर्णनात दोन्ही मिसळू नका.

खोडाची उंची जमिनीपासून शेंड्यापर्यंत मोजा. रंग लिहा, पण जांभळा रंग हा जातीचा पुरावा नव्हे हे लक्षात असू द्या. भिंगाखाली कोवळ्या फांदीवर लव आहे का पाहा. मेटेलवर ती नुसती कोवळ्या भागावर, तीही बारीक, इनॉक्सियावर सर्वांगाला. फांद्या दोन-दोन फुटत जातात आणि प्रत्येक बेचक्यात एकच फूल असतं, हेही लिहा.

पानं मोजताना शेंड्याची दोन सोडून द्या. मधल्या भागातली निदान पाच मोजा आणि सरासरी न लिहिता किमान-कमाल लिहा: ‘९–१८ सेंमी’ असं. पात्याची लांबी देठ वगळून धरा आणि देठ वेगळा नोंदवा. पात्याच्या बुडाच्या दोन बाजू देठाला एकाच जागी मिळत नाहीत, एक बाजू खाली उतरलेली असते. त्याला ‘तळ असमान’ म्हणतात. वरच्या फांद्यांवर एक मोठं आणि एक लहान अशी पानांची जोडी जवळजवळ एकाच ठिकाणाहून निघालेली दिसते. ती पाहून ‘पाने समोरासमोर’ लिहिण्याचा मोह होतो. पानं एकाआड एकच आहेत. वाढताना पानाचा देठ फांदीला चिकटून वर सरकतो, म्हणून तशी जोडी दिसते.

फूल दोन घ्या. एक अख्खं मोजा: तळापासून कडेपर्यंत लांबी, कडेचा व्यास, निदलपुंजाची लांबी. दुसरं नळीच्या एका बाजूने वरपासून खालपर्यंत चिरून उघडा. पाच पुंकेसर नळीच्या आतल्या बाजूला चिकटलेले दिसतील. ते नळीच्या तळापासून किती उंचीवर सुटे होतात ते मोजा. कळी मिळाली तर तीही आडवी कापा. पाकळ्या मिटलेल्या छत्रीसारख्या घड्या घालून पिळलेल्या असतात.

अंडाशय कापताना एक चूक ठरलेली. बुडाजवळ आडवा काप घेतला तर चार कप्पे दिसतात आणि वर्णनात ‘किंजदले चार’ असं येतं. मुळात किंजदलं, म्हणजे ज्यांच्या जुळण्याने अंडाशय बनतो ते घटक, दोनच. वाढताना मध्ये एक खोटा पडदा तयार होतो म्हणून खाली चार कप्पे होतात. दुसरा काप शेंड्याजवळ घ्या, तिथे दोनच दिसतील. दोन्ही काप पाहिल्याशिवाय हे वाक्य लिहायला घेऊ नका.

फळाचा व्यास काट्यांसह की काट्यांशिवाय, ते स्पष्ट लिहा. बरीच वर्णनं इथे मुकी असतात आणि दोन वर्णनांतल्या आकड्यांचा मेळ बसत नाही. सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड काटा, दोन्ही मोजा. बी कमीत कमी दहा मोजा.

लिहून झाल्यावर मेटेलचं वर्णन साधारण असं दिसलं पाहिजे. आकडे तुमच्या झाडाचे घाला, हे नुसतं वळण दाखवायला:

‘वर्षायू, ताठ, सुमारे १ मी. उंच. खोड गोल, जांभळट, गुळगुळीत, कोवळा भाग सूक्ष्म लवदार, फांद्या द्विशाखी. पाने साधी, एकाआड एक, वरची जोडीने भासणारी. देठ ३–६ सेंमी. पाते अंडाकृती, ९–१८ × ५–१२ सेंमी, तळ असमान, कडा अखंड किंवा उथळ नागमोडी, टोक निमुळते. फुले एकेकटी, बेचक्यात, उभी. देठ सुमारे १ सेंमी. निदलपुंज नळीसारखा, ५–७ सेंमी, पाच दाती. दलपुंज नरसाळ्यासारखा, १५–१७ सेंमी, पांढरा, बाहेरून जांभळट. कडेला पाच टोके. पुंकेसर ५, दलपुंजाच्या नळीला चिकटलेले. अंडाशय ऊर्ध्वस्थ; किंजदले २, जुळलेली; तळाशी खोट्या पडद्यामुळे चार कप्पे. बोंड झुकलेले, गोलसर, काट्यांशिवाय सुमारे ३ सेंमी, काटे आखूड, जाड, बोथट, बुडाशी निदलपुंजाची टिकून राहिलेली कॉलर, फुटणे अनियमित. बिया अनेक, चपट्या, कानाच्या आकाराच्या, पिवळट तपकिरी.’

बी आणि मिरचीचं बी

धोत्रा आणि मिरची एकाच कुळातली, म्हणून बिया पहिल्या नजरेला सारख्या दिसतात. विषबाधेच्या प्रकरणांत हा फरक न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम शिकवला जातो, आणि भिंग असेल तर तो कुणालाही करता येतो. धोत्र्याचं बी जाड, आकाराने मोठं, मूत्रपिंडासारखं किंवा कानासारखं. कड दुहेरी, पृष्ठभागावर बारीक खड्डे. मिरचीचं बी पातळ, गोलसर, फिकट पिवळं, गुळगुळीत, कड एकेरी, आणि चुरडलं की नाकाला झोंबतं. ब्लेडने बी उभं चिरलं तर आतला गर्भ दिसतो. मिरचीत त्याचं टोक आत वळलेलं असतं, इंग्रजी सहाच्या आकड्यासारखं. धोत्र्यात ते बाहेरच्या बाजूला वळतं. ताज्या मेटेलच्या बीच्या एका कडेला पांढरट मांसल पट्टी दिसली तर तीही नोंदवा. मुंग्या त्या पट्टीसाठी बिया ओढून नेतात. वाळल्यावर ती आकसून जाते.

गोव्याच्या हवेत नमुना वाळवणं

नमुना म्हणजे वर्तमानपत्रांच्या थरांत दाबून वाळवलेली फांदी. कोरड्या मुलखातल्या सूचना वापरून पावसाळ्यात तो दाबला की चौथ्या दिवशी बुरशी येते. धोत्र्याची पानं पाणीदार असतात. ती सावकाश वाळली की काळी पडतात आणि देठापासून सुटतात, म्हणून वाळवण्याचा वेग सगळ्यात महत्त्वाचा.

फूल, कोवळं बोंड आणि पानं असलेली तीस-पस्तीस सेंटिमीटरची फांदी घ्या. नमुन्याचा कागद साधारण ४२ × २९ सेंटिमीटरचा असतो, त्यात मावायला हवी. जाड फांदी मागच्या बाजूने उभी चिरून अर्धी करा. पानं एकावर एक येत असतील तर काही काढा, पण देठाचा तुकडा तिथेच ठेवा, म्हणजे पान कुठे होतं ते कळतं. एक पान उलटं करून ठेवा, खालची बाजू दिसायला हवी. फूल खुडल्यापासून काही मिनिटांत दाबलं पाहिजे. दलपुंज पातळ असल्यामुळे वर्तमानपत्राला चिकटतो, म्हणून त्याच्या खाली-वर बटर पेपर घाला. चिरून उघडलेलं दुसरं फूल शेजारी पसरा.

बोंड दाबायला जाऊ नका. ते मध्ये आलं की आजूबाजूची पानं दाबलीच जात नाहीत आणि सुरकुततात. एक बोंड उभं, एक आडवं कापून वेगळं वाळवा, एक अख्खं ठेवा, आणि तिन्ही कागदी पाकिटात घालून नमुन्याचाच क्रमांक त्यावर घाला. फांदीवर राहिलेल्या लहान बोंडाभोवती घडी घातलेल्या वर्तमानपत्राचा थर द्या, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसेल.

पावसाळ्यात पहिले तीन दिवस कागद सकाळ-संध्याकाळ बदला, पुढे दिवसातून एकदा. काढलेले कागद इस्त्री फिरवून कोरडे करा, नुसते टांगून वाळत नाहीत. पहिल्या बदलाच्या वेळीच पानं सरळ करून घ्या, त्यानंतर ती वळत नाहीत. लाकडी पेटीत शंभर वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावून वर जाळीवर दाबपट्टी ठेवली तर चार-पाच दिवसांत काम होतं. एलईडी दिव्याने काही होणार नाही, त्याला पुरेशी उष्णता नसते. आतलं तापमान ४५ अंशांच्या आसपास असावं. त्याहून फार वाढलं तर पानं ठिसूळ होतात. चुलीवरच्या माळ्यावर ठेवण्याची सोय सोपी वाटते, पण विषारी झाडाची पानं अन्नावर पडतील अशा जागी ती नकोच.

वाळलेल्या नमुन्याला कीड लागू नये म्हणून पूर्वी पारायुक्त विषाचा लेप देत. घरी किंवा शाळेत ते करू नये. नमुना हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा, शक्यतो अन्न नसलेल्या. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दमट हवेतलं पाणी नमुन्यावरच साचतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

चिठ्ठीवर शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, गाव आणि तालुका, जागेचं वर्णन, अक्षांश-रेखांश, तारीख, संकलकाचं नाव आणि क्रमांक हवा. नुसतं ‘साखळी’ लिहिलं तर कुणाला परत जाऊन झाड सापडणार नाही. ‘साखळी, वाळवंटी नदीच्या काठचा उकिरडा’ लिहिलं तर सापडेल. फुलाचा रंग ताजं असतानाच लिहा, वाळल्यावर पांढरं फूल तपकिरी होतं. वर ‘विषारी’ असं ठळक लिहा.

काम झाल्यावर

चतुर्थीच्या पत्रीत धोत्र्याचं पान असतं आणि शिवाला फूल-फळ वाहिलं जातं, त्यामुळे घराजवळ एखादं झाड मुद्दाम राखलेलं असतं. ते असू द्या, पण निर्माल्य गुरांपुढे टाकू नका. तांबड्या भाजीच्या वाफ्यात उगवलेलं रोप मात्र चार पानांवर असतानाच मुळासकट उपटा. मोठं झाल्यावर तोडलेली पानं भाजीच्या जुडीत मिसळण्याचा धोका असतो.

नको असलेली झाडं बोंड धरण्याआधी काढावीत. बोंडं धरली असतील तर आधी ती पिशवीत गोळा करा, मग झाड उपटा. नुसतं ओढलं तर पिकलेली बोंडं तिथेच रिकामी होतात. जाळू नका, धूरही बाधतो. गुरं हिरवं झाड सहसा खात नाहीत, पण चाऱ्यात मिसळून सुकलेलं खातात, म्हणून काढलेला ढीग गोठ्याजवळ ठेवायचा नाही. खड्ड्यात पुरला तरी जागा लक्षात ठेवा. अमेरिकेत १९०२ साली पुरलेल्या स्ट्रॅमोनियमच्या बियांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त बिया ३९ वर्षांनी बाहेर काढल्यावरही रुजल्या होत्या. खड्डा पुन्हा उकरला जाणार नाही अशा ठिकाणी, निदान हातभर खोल घ्या, आणि ज्या जागेवरून झाडं काढली तिथे पुढच्या जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी, हातमोजे घालून एक फेरी मारा.